कुलपातली पवनचक्की

१

शालनबाईंच्या पवनचक्कीच्या लिव्हरला साखळी होती, साखळीला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली शालनबाईंच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात होती. तरीही सोमवारी सकाळी दहा वाजता पवनचक्की थांबलेली होती. वारा काही पडलेला नव्हता. शेजारच्या कंपनीच्या गेटवरचे झेंडे चांगले फडफडत होते.

त्यांचा पुतण्या यशवंतराव याने मोबाईलवर फोटो काढला आणि अकराला त्या भाजी विकून परतताच दम न घेता सांगून टाकलं, "काकी, आता पुरे. गुरुवारी तुम्ही माझ्यासोबत चिंचवडला राहायला यायचं. शुक्रवारी डॉक्टरची वेळ घेतलीय. ही चक्कीही उतरवून टाकू."

"मी न्हाई थांबवली रं," शालनबाई म्हणाल्या.

"किल्ली कुणापाशी आहे?"

शालनबाईंनी गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला.

हे सगळं मला दुपारी एक वाजता दापोडीत कळलं. सांगायला आला होता रियाज. त्याचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी वर्कशॉप आहे. पंप, मोटारी आणि आता फारशा कुणाला माहीत नसलेल्या शेतातल्या पवनचक्क्या तो दुरुस्त करतो. महाळुंग्याची ही चक्की त्याच्या वडिलांनी उभी केली, आणि जानेवारीत रियाजने तिचं सगळं डोकं उतरवून नवी स्प्रिंग घातली होती.

"काका, चूक माझीच निघावी असं वाटतंय," तो म्हणाला.

"अरे, असं कोण म्हणतं का?"

"माझी चूक निघाली तर स्प्रिंग बदलता येईल. मावशींचं डोकं कुठून बदलून आणू? सगळे म्हणायला लागलेत, म्हातारी स्वतःच बंद करते आणि विसरते. तुमच्या सूनबाईंना घेऊन चला ना."

इथे थोडं माझ्याबद्दल. मी दौलतराव. पिंपरीतल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं मेन्टेनन्सला काढली, आता पेपर वाचतो आणि लोकांना न विचारलेले सल्ले देतो. माझी सून विजयश्री चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. कुणाचं बोट चेपलं, कुणावर पेटी पडली, की ते का झालं हे शोधणं तिचं काम. घरात साखरेचा डबा जागेवर नसला तरी ती तशीच चौकशी करते. मुलगा म्हणतो, लग्नाआधी सांगायला हवं होतं.

मी तिला फोन लावला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आण्णा, शालनबाई एरवी काय काय विसरतात ते विचारलं का कुणी?"

मी रियाजला विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "माझ्या वडिलांना चहात किती साखर लागायची तेसुद्धा आठवतंय त्यांना."

२

चार वाजता आम्ही महाळुंग्यात पोचलो, तर पवनचक्की मजेत फिरत होती.

तिन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड आणि कंपन्यांच्या भिंती, मध्ये दीड एकर हिरवा तुकडा. मेथी, पालक, वांगी. मधोमध तीस फुटी लोखंडी मनोरा, वर अठरा पात्यांचं चाक. किर्र-खटक, किर्र-खटक असा आवाज करत ते विहिरीतलं पाणी हौदात ओढत होतं.

ज्यांनी अशी चक्की पाहिली नसेल त्यांना सांगतो. तिला थांबवायला वर चढावं लागत नाही. खाली एक लांब लिव्हर असते. तिच्या टोकाची तार मनोऱ्याच्या मधून थेट वर, चाकामागच्या पत्र्याच्या शेपटीपर्यंत जाते. लिव्हर खाली ओढली की तार खाली येते, शेपटी चाकाच्या अंगाशी दुमडते, चाक वाऱ्याला कड दाखवून उभं राहतं आणि आतला ब्रेकचा पट्टा आवळला जातो. लिव्हर सोडली की स्प्रिंग शेपटी पुन्हा सरळ करते, आणि चाक वाऱ्याला तोंड देऊन फिरू लागतं. थोडक्यात, तार खाली म्हणजे बंद, तार वर म्हणजे चालू. एवढं ध्यानात ठेवा, मी ठेवलं नाही म्हणून माझी फजिती झाली.

शालनबाई हौदाशी पालकाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. रोज सकाळी सातला भाजी घेऊन कंपनीच्या बसथांब्यावर जायच्या आणि अकराला परत यायच्या.

"या पाव्हणं," त्या मला म्हणाल्या. मग विजयश्रीकडे बघून, "ही पोलिसातली हाय का?"

"कंपनीतली आहे, आजी," विजयश्री हसली. "पोलिसापेक्षा जास्त प्रश्न विचारते."

तिने आधी लिव्हर बघितली. साखळी घट्ट, लिव्हर वर, म्हणजे चालू बाजूला बांधलेली. मनोऱ्याच्या खालच्या भागावर घोसाळ्याचा दाट वेल चढला होता, त्यात तारबीर काही दिसत नव्हती. वेलातून एक रंगाचा डबा लोंबत होता, वीस लिटरचा, वरून उघडा.

"हे काय?" मी विचारलं.

"पाखरांना पानी. त्या खोलीत स्नेहल ऱ्हाती, माझी भाडेकरीन, तिनं टांगलाय. गुनाची पोर हाय." शालनबाईंनी डब्याखाली बोट दाखवलं. "जरा गळतोय, पर वाया न्हाई जात. खाली माझा पुदिना हाय."

पुदिना खरोखर तरारला होता. एप्रिलच्या उन्हात एवढा हिरवागार पुदिना मी कुठे बघितला नव्हता. डब्यात पाणी किती आहे बघावं म्हणून मी हात वर केला, टाचा उचलल्या, पण डब्याच्या बुडालाही बोट लागेना. या वयात आणखी उंच व्हायचं कुठून? मी नाद सोडला.

रियाजने शालनबाईंकडून किल्ली घेतली. मग मागच्या पायाला लावलेल्या शिडीने वर चढला आणि मी खालून, शेपटीवर नजर ठेवून, लिव्हर चालवली. दहा वेळा ओढली, दहा वेळा सोडली. दरवेळी शेपटी झटकन दुमडली आणि झटकन उलगडली. कुठे अडकत नव्हती.

तो खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड अगदी पडलेलं होतं.

"सगळं ओके आहे," तो म्हणाला. चांगली बातमी इतक्या वाईट तोंडाने सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

शालनबाईंनी जुडी खाली ठेवली. "म्हंजी मीच," त्या म्हणाल्या.

३

विजयश्रीने त्यांना हौदाच्या कठड्यावर बसवलं आणि स्वतः खाली बसली.

"आजी, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

शालनबाईंनी एकदा चक्कीकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांनी, सोपानरावांनी ही चक्की लावली तवापासून मी तिच्या आवाजावर झोपते. गेल्या म्हैन्यात मी भाजी इकून आले की दांडी खाली ओढलेली दिसायची. मी म्हनलं, कुनी पोरं करत असतील. मग यशवंतानं कुलूप घातलं. दुसरी किल्ली त्यानं माझ्यासमोर हिरीत टाकली. तरी परवा शुक्रवारी आले तर चक्की थांबलेली. कुलूप जागच्या जागी. मी किल्ली लावून उघडलं, दांडी हालवून बघितली, परत कुलूप लावलं. चक्की तशीच. दुपारी दोनच्या सुमाराला आपसूक फिराया लागली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तवापास्नं मला माझीच भीती वाटाया लागली बाई. येळ जातो तो कुठं जातो, काय करते मी, काय ठाव."

मला भारी वाईट वाटलं. शरीर खंगलं तर माणूस काठी धरतो. स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा गेला तर धरायचं काय?

आम्ही खोलीकडे गेलो. मनोऱ्यापासून वीस पावलांवर, पत्र्याच्या छताची एक खोली. दारात एक तरणा माणूस ब्रश घेऊन दात घासत होता. संध्याकाळचे सव्वाचार वाजले होते. मी मनात म्हटलं, काय ही आजकालची पिढी. त्याचं नाव रोहिदास, परभणीकडचा, जवळच्या एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर कामाला.

"बसा की काका," तो म्हणाला, "चहा करायली ती."

स्नेहल पंचविशीची, हळू बोलणारी. कप ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नव्हती. खिडकीला जाड काळी चादर लावलेली होती. भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र: कंपनीतली कायझेन स्पर्धा, म्हणजे काम सोपं करायच्या युक्त्यांची, पहिलं बक्षीस, रोहिदासला. खाली लिहिलं होतं, विना वीज, विना मोटार.

मी असली प्रमाणपत्रं वाचल्याशिवाय राहत नाही. "कसलं कायझेन?"

रोहिदास खुलला. "रिकामे ट्रे उचलून मागं न्यावे लागायचे, काका. मी वजनावर केलं. भरला ट्रे खाली येताना रिकामा वर ओढून नेतो. मोटार न्हाई, बटन न्हाई."

"शाबास," मी म्हटलं. "आणि चक्की कोण थांबवतं रे?"

"मला काय म्हाईत? चालू हाय न्हवं?" त्याने बाहेर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही लपवाछपवी नव्हती. स्नेहल कप गोळा करायला वाकली.

एवढ्यात यशवंतराव गाडीतून उतरला. पांढरा शर्ट, दोन फोन. खरं सांगतो, माझा संशय पहिल्यापासून त्याच्यावर होता. ट्रक उभे करायला ही जागा एका ट्रान्सपोर्टवाल्याला हवी होती, हे रियाजने वाटेत सांगितलं होतं. शिवाय असल्या कुलपाला तीन किल्ल्या येतात, दोन नाही. एक बाईंपाशी, एक विहिरीत, आणि तिसरी? मी विजयश्रीला बाजूला घेऊन हे सांगितलं. मला वाटलं, केस सुटली.

"विचारून बघते," ती म्हणाली, आणि सरळ विचारलं.

यशवंतरावाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात ठेवला. "ही तिसरी. असावी म्हणून ठेवली. मॅडम, माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी गॅस चालू ठेवायचे. मग एक दिवस घरातून निघाले ते नाशिक हायवेवर सापडले, ट्रकांच्या मधून चालताना. तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं, विसरतात. मला परत तेच करायचं नाही." त्याने शेताकडे हात केला. "जागेचं म्हणाल तर काकी हो म्हणेपर्यंत मी कुणाला शब्द दिलेला नाही."

साप साप म्हणून मी भुई धोपटत होतो.

"तुम्ही फोटो काढलेत ना? दाखवा," विजयश्री म्हणाली.

डॉक्टरांना दाखवायला त्याने सगळे फोटो जपून ठेवले होते. पहिला सहा मार्चचा, शुक्रवार. शेवटचा त्या खेपेचा अकरा मार्चचा, बुधवार. मग दोन आठवडे काही नाही. पुन्हा सत्तावीस मार्च, शुक्रवार, ते एक एप्रिल, बुधवार. पुन्हा दोन आठवडे काही नाही. मग गेला शुक्रवार, सतरा एप्रिल, ते आजपर्यंत. पहिल्या दोन खेपांच्या फोटोंत लिव्हर खाली ओढलेली होती. या खेपेच्या फोटोंत ती वर होती, कुलपात, आणि तरी चक्की थांबलेली.

विजयश्रीने आजचे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले: सकाळी दहाचा, थांबलेल्या चक्कीचा, आणि दुपारी तीनचा, फिरणाऱ्या चक्कीचा. ती बराच वेळ ते मोठे करून बघत राहिली.

"मधल्या दोन आठवड्यांत तुम्ही येत नव्हता का?"

"रोज येतो. तेव्हा व्यवस्थित चालू असायची."

तिने फोन परत दिला. "गुरुवारपर्यंत थांबाल ना? मला उद्या सकाळ हवी."

परत येताना स्कूटरवर ती म्हणाली, "आण्णा, शुक्रवारी सुरू होऊन बुधवारी संपणारा आठवडा तुम्ही कुठे बघितलाय?"

मी छत्तीस वर्षं तोच आठवडा जगलो होतो. पण वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही, असं मी तिला सांगितलं.

४

मंगळवारी तिने अर्धी रजा टाकली. साडेनऊला आम्ही पोचलो. शालनबाई भाजी विकायला गेलेल्या, शेतात कुणी नव्हतं. पवनचक्की थांबलेली होती.

शेपटी दुमडलेली. चाक वाऱ्याला कड देऊन उभं. लिव्हर वर, कुलूप बंद. बाजूच्या झाडांची पानं सळसळत होती आणि हे तीस फुटी धूड गप्प उभं होतं. मला जरा कसंसंच झालं, खोटं कशाला बोलू?

"आण्णा, कालच्यासारखं त्या डब्यापाशी जा," विजयश्री म्हणाली.

मी गेलो. वर बघत पुदिन्याच्या वाफ्याशी पोचलो आणि ठण्ण! डबा माझ्या टोपीवर आदळला.

"काल हात पोचत नव्हता," मी डोकं चोळत म्हटलं.

"आणि आज?"

मी डब्याकडे बघितलं. मग दुमडलेल्या शेपटीकडे. मग परत डब्याकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

तिने घोसाळ्याची पानं बाजूला केली. डबा मनोऱ्याच्या लोखंडाला टांगलेलाच नव्हता. तो होता थेट तारेवर, एका क्लॅम्पने घट्ट बसवलेला. डबा काठोकाठ भरलेला. त्याच्या वजनाने तार दीड फूट खाली आली होती, आणि डब्याखालची तार लिव्हरपर्यंत ढिली लोंबत होती. बुडाला सुईने पाडल्याएवढं भोक. टप, टप, पुदिन्यावर.

"लिव्हरला कुलूप लावलं," विजयश्री म्हणाली, "तारेला कोण लावणार? वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. शेपटी दुमडायला पुरे. मग भोकातून पाणी गळत जातं, डबा हलका होतो, दुपारी दोनपर्यंत स्प्रिंग जिंकते आणि चक्की आपली आपण फिरू लागते. यशवंतरावांच्या दोन फोटोंत हेच दिसत होतं. थांबलेल्या चक्कीच्या फोटोत डबा मनोऱ्याच्या आडव्या पट्टीच्या खाली आहे, फिरणाऱ्या चक्कीच्या फोटोत पट्टीच्या वर. आणि पाखरांसाठी वीस लिटरचा खोल डबा कोण ठेवतं? चिमणी प्यायला वाकली तर बुडून मरेल. पाखरांना परात ठेवतात."

तेवढ्यात रियाज मोटारसायकलवरून पोचला. त्याने क्लॅम्प बघितला आणि कपाळावर हात मारला. "मी वरच बघत राहिलो. वरचं माझं काम ना! खाली बघितलंच नाही."

"आता सांग कोण ते," मी म्हटलं.

"तुम्हीच सांगा. तुमचाच आठवडा आहे तो."

आणि आता मला ते ऐकू आलं नाही असं म्हणता येईना. आमच्या पट्ट्यात अर्ध्या कंपन्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या कंपन्यांत शिफ्ट बदलते ती शुक्रवारी. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड. म्हणजे थर्ड, रात्रपाळी, दर तिसऱ्या आठवड्याला येते, शुक्रवार ते बुधवार; गुरुवारी रात्री कामावर गेलेला माणूस शुक्रवारी सकाळी सुटतो, तो तिचा पहिला दिवस. थर्ड करून माणूस सकाळी सातला सुटतो, आठला झोपतो. आणि उठून दात घासतो दुपारी, चहाच्या वेळेला.

"म्हातारपणी विसर पडतो," विजयश्री म्हणाली, "पण तो शिफ्टप्रमाणे पडत नाही."

खोलीच्या दारात रोहिदासचे सेफ्टी शूज काढून ठेवलेले होते. काळी चादर ओढलेली. आणि दाराच्या चौकटीला धरून स्नेहल आमच्याकडे बघत उभी होती.

५

ती स्वतःच चालत आली. वाटेत एकदा वळून खोलीकडे बघितलं, आणि येऊन कुजबुजली, "हळू बोला. ते झोपायलेत. त्यांना यातलं काही माहीत न्हाई."

"तू केलंस?" रियाजने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. "मार्चात ते थर्डला असताना प्रेसवर डुलकी लागली त्यांना. हात आत होता. सेन्सरनं प्रेस थांबली म्हणून, नाहीतर..." तिने आपली दोन बोटं दुसऱ्या मुठीत धरली. "रात्री वारा मंद असतो, तेव्हा ही हळू वाजते. दिवसा जोर धरते. पत्र्याच्या खोलीत डोक्यात खिळा मारल्यागत वाजतं. सहा दिवस हा माणूस दोन-दोन तास झोपून जात होता. म्हणून आजी गेल्या की मी लिव्हर ओढायचे. मग कुलूप लागलं. मला वाटलं, आजींनी लावलं. त्यांना कळलं, त्या रागावल्यात. मग यांचं ते वजनाचं कायझेन आठवलं. जेवताना तांब्या आणि दोरी घेऊन त्यांनी मला दाखवलं होतं. म्हटलं, आजी गेल्या की शिडीवर चढून डबा भरायचा, पुढं आपोआप बंद, आपोआप चालू, कुणाचं काही बिघडत न्हाई."

"आजींना विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"कसं विचारू काका? माणसं नवऱ्याचा फोटो दाखवतात, तशा त्या ही चक्की दाखवतात. म्हणतात, हिच्या आवाजावर मला झोप लागती. मी कुठल्या तोंडानं म्हणू, त्याच आवाजानं आमची उडते?"

"स्नेहल," विजयश्री म्हणाली, "परवा आजींना इथून नेणार आहेत. त्या स्वतःच थांबवतात आणि विसरतात, असं सगळ्यांना वाटतंय. त्यांना स्वतःलाही."

हे तिला ठाऊकच नव्हतं. काल तिने आमचं बोलणं ऐकलं होतं, पण म्हातारी बाई चिंचवडला चार दिवस जाते, एवढाच अर्थ तिने काढला होता. ती तिथेच पुदिन्याच्या कडेला मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली, रोहिदास जागा होऊ नये म्हणून.

अकराला शालनबाई आल्या. यशवंतरावही आला, विजयश्रीने त्याला बोलावलं होतं. तिने आधी काहीच सांगितलं नाही. शालनबाईंच्या डोक्यावरची रिकामी पाटी उतरवून घेतली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आजी, तुम्ही काहीही विसरलेल्या नाही. एकदाही नाही."

मग रियाजने क्लॅम्प सैल केला. डबा खाली आला, तार सुळकन वर गेली, शेपटी उलगडली. अठरा पाती वाऱ्याला लागली. किर्र-खटक.

शालनबाई वर बघत राहिल्या. "म्हंजी मी शानी हाय," त्या म्हणाल्या. "ऐकलंस का यशवंता? मी शानी हाय." आणि मग त्यांना हुंदका आवरला नाही. चार दिवस पोटात दाबून ठेवलेली भीती होती ती.

यशवंतरावाने त्यांच्या पायाला हात लावला. मोबाईल काढून एकेक फोटो पुसत गेला, तेवढं मी बघितलं.

स्नेहलने पुढे येऊन सगळं सांगितलं, हुंदके देत देत. प्रेस, डुलकी, दोन बोटं. मला वाटलं, आता म्हातारी हिला खोली खाली करायला सांगणार. सांगितलं असतं तरी चूक म्हटलं नसतं कुणी.

शालनबाईंनी तिचं बोलणं संपू दिलं. मग एकदम रागावून म्हणाल्या, "आगं, त्या पोराची बोटं तुटायची येळ आली आन् तू मला सांगितलं न्हाईस? चक्की काय देव हाय व्हय?" आणि तशाच तरातरा चालत लिव्हरपाशी गेल्या, कुलूप काढलं, दोन्ही हातांनी लिव्हर खाली ओढली आणि हुकात अडकवली.

किर्र-खटक थांबलं. रोहिदासच्या खोलीतून फक्त घोरणं ऐकू येत होतं.

"यशवंता, ह्ये कुलूप घिऊन जा," त्या म्हणाल्या. "आन् पोरी, तुझ्या मालकाची शिफ्ट कवा कवा असती ते मला मोठ्या अक्षरात लिहून दे."

६

पुढे अडीच आठवड्यांनी, आठ मेला, शुक्रवारी, मी चाकणला एका लग्नाला चाललो होतो. बसच्या खिडकीतून पत्र्याच्या शेडांच्या मधून ते ओळखीचं चाक दिसलं. सकाळचे दहा. वारा सणसणीत होता. आणि पवनचक्की थांबलेली होती, शेपटी अंगाशी घेऊन.

विजयश्रीने तेव्हा चूक तर केली नव्हती? म्हातारीला खरोखरच... मी तिथेच उतरलो. लग्न गेलं खड्ड्यात.

शालनबाई मनोऱ्याखाली पुदिना खुडत बसल्या होत्या. आज भाजीला गेल्या नव्हत्या. रंगाचा डबा गेला होता, त्याच्या जागी पाण्याने भरलेली परात होती आणि दोन चिमण्या तिच्या काठावर भांडत होत्या. लिव्हर खाली, हुकात. मनोऱ्याच्या पायाला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद बांधलेला. त्यावर मोठ्या अक्षरात तारखा.

"काय शालनबाई," मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "लिव्हर सोडायची विसरलात वाटतं?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि त्याच बोटाने काळ्या चादरीच्या खिडकीकडे दाखवलं.

"इसरले न्हाई पाव्हणं," त्या हळूच म्हणाल्या. "आठवनीनं थांबवलीया."